दोन अक्षरांची जागा

पेंटरला एका जागी बसवत नव्हतं. नव्या घरात येऊन आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत तो खुर्चीवर सलग पंधरा मिनिटं टेकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. चहाचा कप घेऊन बसायचा, दोन घोट झाले की उठायचा, कप हातात घेऊनच मागच्या दाराशी जायचा, तिथून पुढच्या दाराशी, आणि मग कप कुठे ठेवला ते शोधत पुन्हा घरभर. बायको म्हणायची, "अहो, एवढं फिरायचंच आहे तर हातात झाडू तरी घ्या."

घरात खोट काढावी असं काही नव्हतं, आणि खरी पंचाईत तीच होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे चार पावलांचं अंगण, त्यात पेरूचं झाड, खिडकी उघडली की वारा. शहरात त्यांची जागा छापखान्याच्या डोक्यावर होती. खाली मशीन सुरू झालं की वर फळीवरच्या कपबशा चालायला लागायच्या. इथे इतकं शांत, की फ्रीज बंद पडला तर शेजाऱ्याला कळावं. माणसं अशा जागेसाठी जिवाचा आटापिटा करतात, आणि या गृहस्थाला तिथे गुदमरायला होत होतं.

त्याचं दुखणं साधं होतं, पण कुणाला सांगितलं तर हसतील असं होतं. या वसाहतीत वाचायला काही नव्हतं. पस्तीस वर्षं त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. शहरात रस्त्यानं चालायचं म्हणजे त्याला दोन्ही बाजूंनी वाचत चालायचं असे. याचा 'क' पोटात गेलाय, त्याच्या 'र' ला मान नाही, ही शिरोरेषा मारताना रंगाऱ्याचं घरी भांडण झालेलं दिसतंय, असं स्वतःशीच पुटपुटत तो दोन-दोन मैल तुडवायचा. इथे एकसारखी घरं आणि फाटकांवर कारखान्यातून ठोकून आलेले नंबर. दुसऱ्या महिन्यात तो बसच्या तिकिटांच्या मागचं वाचायला लागला, चौथ्या महिन्यात साबणाच्या वेष्टनावरचं. बायकोच्या गुडघ्याच्या मलमावरच्या सूचना तर त्याला तोंडपाठ झाल्या होत्या.

अख्ख्या वसाहतीत हातानं रंगवलेली पाटी एकच होती. बसस्टॉपजवळ, आत शिरण्याच्या तोंडाशी, दोन खांबांवर उभी. ती पेंटरच्याच हातची होती. तिच्याखालून जाताना तो हल्ली मान खाली घालायचा.

त्याचं असं झालं होतं. चौदा वर्षांपूर्वी इथे नुसतं माळरान होतं आणि आखलेले प्लॉट होते. प्लॉटवाल्या मालकानं पेंटरला बोलावून एका कागदावर मजकूर दिला: मोकळी हवा, स्वच्छ पाणी, आणि सगळ्यांत खाली मोठ्या अक्षरांत, शहर फक्त अमुक मिनिटांवर. अमुकच्या जागी कागद कोरा होता. "आकडा दुपारपर्यंत कळवतो," मालक म्हणाला आणि गाडीत बसून गेला तो गेलाच. पेंटरनं सगळं रंगवलं, मधे दोन अक्षरांची जागा सोडली आणि वाट बघत बसला. चार वाजले, पाच वाजले. शिडी भाड्याची होती, संध्याकाळी परत करायची होती. आकडा अंकांत लिहायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या उस्तादानं पहिल्याच वर्षी दम दिला होता की अंक भाजीवाल्याच्या पाटीला, आपण अक्षरं लिहिणारी माणसं. मग पेंटरनं जागेकडे पाहिलं. पन्नास बसत नव्हतं. चाळीस दाटीवाटीनं बसलं असतं, पण 'मिनिटांवर'ला चिकटलं असतं. 'वीस' मात्र माप घेऊन शिवल्यासारखं बसलं. त्यानं ते इतकं सुरेख काढलं, की मालक दुसऱ्या दिवशी बघून नुसतं "वा" म्हणाला. आकडा आला कुठून, हे ना त्यानं विचारलं ना यानं सांगितलं.

तिथेच विषय संपला असता. पण पाटी चौदा वर्षं उभी राहिली, आणि तिच्याखालून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ती वाचली. इथे घर घेणाऱ्यांनी पाहुण्यांना सांगितलं, वीस मिनिटं. पाहुण्यांनी आपल्या पाहुण्यांना सांगितलं. फिरत फिरत ते पेंटरच्या मेहुण्याच्या कानावर गेलं, आणि मेहुणा एका रविवारी बहिणीला आणि भावोजींना गाडीत घालून घर दाखवायला घेऊन आला. "शहरापासून वीस मिनिटं, ताई. सगळेच सांगतात." रविवारचा रस्ता मोकळा होता, मेहुण्याचा पाय गाडी चालवताना हलका नसतोच, पोचायला चोवीस मिनिटं लागली. तेव्हा पेंटरच्या मनात काय आलं असेल? लाज वाटायला हवी होती. त्याला अभिमान वाटला. त्या दिवशी आपण नुसत्या नजरेनं ठोकलेला आकडा काय बरोबर निघाला, असं म्हणून त्यानं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. आपलीच थाप जगभर फिरून आली आणि त्यानं तिला ओळखलंसुद्धा नाही.

बायको अंगणात गेली, पेरूच्या झाडाखाली उभी राहिली आणि म्हणाली, "इथे मी दुपारी झोपू शकेन." घर घ्यायचं ठरलं ते त्या वाक्यावर.

बायको शहरातल्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. चोवीस वर्षं. पोट शिवायच्या आधी आत वापरलेले, रक्त टिपायच्या गॉजचे तुकडे, सुया, चिमटे, सगळं मोठ्यानं मोजायचं हे तिचं काम. दोन सिस्टरांनी मिळून मोजायचं, आकडा जुळला तरच डॉक्टर टाका घालणार. एक तुकडा कमी भरला, तर तो सापडेपर्यंत भलेभले सर्जन हात वर करून उभे राहायचे, आणि ती खाली वाकून एक-एक बादली उपसायची. तिची मोजदाद कधी चुकली नव्हती आणि ती कधी उशिरा पोचली नव्हती. या दोन गोष्टींचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

इथून पहिली बस सहाला. वीस मिनिटांत पोचायचं, कपडे बदलायचे, हात घासायचे, सातला टेबलाशी उभं राहायचं, असा हिशेब होता. पहिल्याच दिवशी बस पाच कमी सातला पोचली. तिनं शेजारच्या बँकवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, "वीसच लागतात हो. तुम्ही साधी बस घेतलीत. फास्ट बस हायवेच्या कोपऱ्यावरून जाते, ती पकडा." पलीकडच्या मास्तरीणबाईंनीही तेच सांगितलं. फास्ट बसची वेळ काय, तर सहाच्या आसपास. मग बायको रोज पहाटे उठून दहा मिनिटांची वाट सात मिनिटांत कापून कोपऱ्यावर जायला लागली. रोज दुरून बस भरधाव जाताना दिसायची, आणि कोपऱ्यावरची चार माणसं हळहळत सांगायची, "आत्ताच गेली." मग सगळे मिळून साध्या बसच्या मागे धावायचे.

ती आणखी लवकर उठायला लागली. पाचला, मग पावणेपाचला. गुडघ्याला मलम लावून, वर पट्टी बांधून धावायला लागली. "पूर्वी मी अशी नव्हते हो," ती चपला घालता घालता म्हणायची. "सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही. पाय जड झालेत. उठते लवकर, पण आवरता आवरत नाही." पेंटर दाराशी उभा राहून ऐकायचा आणि काहीतरी पुटपुटायचा. तोवर त्यालाही वाटत होतं, की बायकोचं वय झालं.

संशयाची पाल चुकचुकली ती तो ब्रश आणायला शहरात गेला तेव्हा. काम आता नावापुरतंच उरलं होतं. दुकानदारांना फ्लेक्स स्वस्त पडायचा. तरी ब्रश जुने झाले की त्याला झोप लागत नसे. जायला त्रेपन्न मिनिटं लागली, यायला एक तास. पुन्हा गेला, पुन्हा तेच. मग त्यानं बँकवाल्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"वीस," बँकवाले म्हणाले. "म्हणजे मला तसे जास्त लागतात. मी जरा सुस्त आहे सकाळचा."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "वीस. पण माझी फास्ट चुकते नेहमी. साडी नेसायला वेळ जातो."

रोज शहरातल्या सलूनात कामाला जाणाऱ्या कोपऱ्यावरच्या न्हाव्यानंही वीसच सांगितलं. त्याच्या दम्यामुळे त्याला तासभर लागायचा, ती गोष्ट वेगळी. पेंटरनं वसाहतीतल्या अकरा जणांना विचारलं. अकराही जणांनी वीस सांगितलं आणि अकराही जण स्वतःच्याच कुठल्या तरी खोडीमुळे उशिरा पोचत होते. फास्ट बसमध्ये बसलेलं माणूस मात्र एकही निघेना. प्रत्येकाच्या ओळखीचं कुणीतरी बसलेलं होतं.

त्या मंगळवारी तो डेपोत गेला. टाइमकीपर डबा उघडून जेवायला बसला होता. त्यानं घास न थांबवता सांगितलं, "तिकडे फास्ट बस नाही. कधीच नव्हती."

"रोज पहाटे भरधाव जाते ती?"

"ती रिकामी गाडी, दुरुस्तीला डेपोत येते. तिच्यात ड्रायव्हरशिवाय कुणी नसतं." मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, डब्याचं झाकण लावत तो म्हणाला, "तुमच्याकडची माणसं महिन्यातून एकदा तरी विचारायला येतात. आम्ही सांगतो, पण त्यांना पटत नाही."

पेंटर परतीच्या बसमध्ये बसला आणि तिकिटाच्या मागचं वाचायचं विसरला. बायको रोज त्या रिकाम्या गाडीमागे धावत होती, कारण एका संध्याकाळी त्याला शिडी परत करायची होती. घरी जाऊन लगेच सांगायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. घरी बायको गुडघा शेकत बसली होती. त्यानं तोंड उघडलं आणि विचारलं, "पाणी आणखी गरम करून देऊ?" बुधवारी त्यानं पुन्हा तोंड उघडलं आणि पेरूच्या झाडाला कीड लागल्याचं सांगितलं. चोवीस वर्षं बिनचूक मोजणाऱ्या बाईला आपण आकडा रुंदी बघून टाकला, हे कसं सांगायचं? अशा वेळी त्याचे पाय त्याच्या मदतीला यायचे. तो उठायचा आणि फेऱ्या मारायला लागायचा.

एरवी पाच मिनिटांत कपडे बदलून, हात घासून ती कशीबशी सातला टेबलाशी उभी राहायची, पण गुरुवारी बस लांबली आणि ती चौथ्यांदा उशिरा पोचली. आधीच्या तीन वेळा कुणी काही बोललं नव्हतं. या वेळी रोगी टेबलावर होता, भूल दिली होती, आणि तिच्या जागी दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली मुलगी मोजायला उभी होती. बायको काचेच्या दाराबाहेर थांबून राहिली. आत जायला तिला कुणी मनाई केली नव्हती; तिचं पाऊलच उचललं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं टेबलावर एक कागद ठेवला आणि चष्मा लावून पुन्हा एकदा वाचला. "सोमवारी देणार आहे," ती म्हणाली.

"काय ते?"

"नोकरी सोडल्याचं पत्र. गंमत बघा, याच महिन्यात मेट्रननं मला थिएटरचं इनचार्ज व्हाल का म्हणून विचारलंय. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. काय उत्तर देऊ? सगळं जग जिथं वीस मिनिटांत पोचतं तिथं ज्या बाईला तासभर लागतो, तिनं उद्या मोजताना चूक केली तर? पाय गेले तसं डोकंही जात असेल. मला कळणारही नाही." हे सांगताना ती रडली नाही. आवाज अगदी सपाट होता, आणि तोच पेंटरला सहन झाला नाही. तो उठला, मागच्या दाराशी गेला, आणि तिथे उभ्या उभ्याच त्याला एक भित्री युक्ती सुचली.

तिला सांगायचंच कशाला? पाटीच बदलायची. शनिवारी ती दुपारी तीनच्या बसनं परत येते. उतरल्यावर समोर पाटी. तिथं पन्नास लिहिलेलं दिसलं की तिचं तिलाच कळेल, की दोष पायांचा नव्हता. आकडा कुणी बदलला, का बदलला, तर मालकाचा निरोप आला होता म्हणून सांगता येईल. चोराच्या मनात येतात तसले विचार भराभर आले. जागा पुरत नव्हती, पण 'फक्त' खोडलं तर पन्नास आरामात बसणार होतं. सोमवारच्या आत सगळं निस्तरेल, आणि आपलं नावही निघणार नाही.

शनिवारी दुपारी त्यानं न्हाव्याकडून शिडी मागून आणली, पांढऱ्या रंगाचा डबा हुकाला अडकवला आणि वर चढला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याचा हात स्थिर होता. 'वीस'वर पांढरा हात फिरवला. स्वतःच्या हातचं इतकं देखणं अक्षर पुसताना त्याचा ब्रश 'वी'च्या वेलांटीपाशी रेंगाळला, हे कबूल करायला हवं. 'फक्त'ला ब्रश लावणार एवढ्यात खालून आवाज आला.

"अहो पेंटर, हे काय चाललंय?" बँकवाले पिशवी घेऊन उभे होते.

"दुरुस्ती."

"कसली? अक्षरं तर ठणठणीत होती."

"आकडा चुकलाय."

"चौदा वर्षांनी?" बँकवाल्यांनी पिशवी खाली ठेवली. "हे बघा, पुढच्या आठवड्यात माझे व्याही येतायत. त्यांना मी वीस सांगितलंय. तुम्ही काय लिहिणार आहात?"

"पन्नास."

तोवर मास्तरीणबाई आल्या होत्या, न्हावीही आपली शिडी बघायला आला होता. "पन्नास कसं लिहाल?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "ज्यांना वीस लागतात त्यांचं काय?"

"त्यांना बोलवा," पेंटर वरून म्हणाला.

तेवढ्यात तीनची बस आली. बायको हळूहळू उतरली, दुखऱ्या पायावर भार न देता. बँकवाल्यांनी तिला गाठलं. "ताई, बरं झालं आलात. तुम्हीच सांगा यांना. वीस पुसून टाकलंय."

तिनं वर पाहिलं. "कुणी सांगितलं पुसायला?"

मालकाच्या निरोपाचं वाक्य जिभेवर तयार होतं. पण तिनं वर बघताना एक हात गुडघ्यावर ठेवला होता, आणि पेंटरच्या तोंडून ते वाक्य निघालं नाही. "कुणी नाही," तो म्हणाला. "लिहायलाही कुणी सांगितलं नव्हतं. मालकानं आकडा दिलाच नाही. दोन अक्षरांची जागा उरली होती, म्हणून मी वीस लिहिलं."

बँकवाल्यांनी खाली ठेवलेली पिशवी उचलली. मग न्हावी सावकाश म्हणाला, "म्हणजे तास सगळ्यांनाच लागतो?" बँकवाल्यांनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं, मास्तरीणबाईंनी बँकवाल्यांकडे, आणि दोघांनीही लगेच नजर फिरवली.

"आणि फास्ट बस?" बायकोनं विचारलं.

"नाही. रिकामी गाडी आहे, डेपोला जाते. मी विचारून आलो."

"कधी?"

"मंगळवारी."

तिनं बोटांवर मोजलं नाही, पण ओठ हलले. "मंगळवार. म्हणजे गुरुवारी मी पट्टी बांधून धावत गेले तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

ती वळली आणि घराकडे चालायला लागली. घाई न करता, रस्त्याच्या मधोमध. पेंटर शिडीवरून उतरला तेव्हा ब्रशमधला रंग त्याच्या कोपरापर्यंत ओघळला होता.

घरी ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. तो दाराशी थांबला. न वळता ती म्हणाली, "आम्ही एक तुकडा कमी भरला तर पोट उघडं ठेवतो. तुम्ही जागा भरायला आकडा टाकलात."

"चुकलं."

"साठ का नाही लिहिलंत? साठलाही दोनच अक्षरं लागतात."

याचा विचार त्यानं चौदा वर्षांत केला नव्हता. आता केला, आणि खरं तेच सांगितलं. "आधी 'फक्त' लिहून झालं होतं."

ती हसली. पण त्या हसण्यात त्याच्यासाठी काही नव्हतं. तिनं टेबलावरचं पत्र उचललं, चार तुकडे केले, मोजले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. "आठ महिने मी आरशात म्हातारी बघत होते," ती म्हणाली. त्यानंतर ती रविवारभर त्याच्याशी बोलली, पण मीठ कुठंय, टॉवेल वाळला का, एवढंच.

सोमवारी ती सहाची साधी बस घेऊन गेली आणि संध्याकाळी आली ती इनचार्ज होऊनच. पेंटरच्या जिवात जीव आला. त्याच्या मनात एक आशा आधीपासून दबा धरून होती, ती आता बाहेर पडली. "मग आपण शहरातच जाऊ या का परत? तुला सोयीचं पडेल. छापखान्यावरची नाही, दुसरी एखादी जागा बघू."

"इनचार्जला इस्पितळाच्या आवारात क्वार्टर मिळतं," ती म्हणाली. "एक खाट, एक कपाट. एकटीपुरतं. बुधवारी जाते."

"आणि हे घर?"

"हे घर मला हवंय." ती प्रथमच त्याच्याकडे नीट बघून बोलली. "इथे मी दुपारी झोपणार होते. आठ महिन्यांत एकदाही झोपले नाही, पळत होते. सुटीच्या दिवशी येईन. तुम्ही इथेच राहा. घर बंद राहिलं की कुबट होतं."

ही शिक्षा होती की नुसती सोय, हे त्याला विचारायचं होतं. विचारायचं धाडस झालं नाही. परगावी राहणाऱ्या लेकीचा फोन आला, "बाबा, भांडलात का?" तो म्हणाला, "छे. आईला बढती मिळालीये." बुधवारी त्यानं बॅग बसमध्ये चढवून दिली. ज्याला शहराशिवाय करमत नव्हतं तो माळरानावर राहिला, आणि जिला अंगण हवं होतं ती एका खाटेच्या खोलीत गेली. असं सगळं बिनचूक उलटं करून ठेवायला दुसरं कुणी नको होतं, तो एकटा पुरला.

ते चार दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. फेऱ्या मारून मारून फरशीला वाट पडायची तेवढी राहिली. रविवारपर्यंत सांगायच्या गोष्टी मात्र साठत गेल्या. पाटीवर काय लिहायचं यावर वसाहतीची सभा झाली होती. कुणी तीस म्हणत होतं, कुणी पंचेचाळीस, बँकवाले व्याही येऊन जाईपर्यंत थांबा म्हणत होते, शेवटी काहीच ठरलं नाही आणि मधली जागा कोरीच राहिली. मास्तरीणबाई आता सगळ्यांदेखत म्हणतात, की मला तास लागतो. न्हाव्यानं सकाळी धावणं सोडल्यापासून त्याचा दमा कमी झालाय. हे सगळं सांगितलं की ती हसेल, असा त्याचा अंदाज होता, आणि अंदाजांवर आता त्याचा फारसा भरवसा उरला नव्हता.

रविवारी साडेनऊच्या सुमारास ती आली. चहा घेतला. तो सभेचं सांगायला लागणार, तेवढ्यात ती खिडकीजवळच्या पलंगावर टेकली आणि म्हणाली, "पाच मिनिटं पडते." पुढचं वाक्य त्यानं गिळलं, कारण तिला झोप लागली होती.

तो पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसला होता. ती खुर्ची जुनी, जरा हललं की करकरायची. तो उठणार होता, पण खुर्ची करकरेल म्हणून थांबला. बाराच्या सुमाराला त्याला तहान लागली. एक वाजता डावा पाय बधिर झाला. मागच्या दाराशी जावं, पुढच्या दाराशी जावं, निदान साबणाचं वेष्टन वाचावं, असं सगळं मनात येऊन गेलं, आणि तो बसून राहिला. तिचं तोंड किंचित उघडं होतं. कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली. ती अशी झोपलेली त्यानं किती वर्षांत पाहिली नव्हती, हे आठवायचा त्यानं प्रयत्न केला, आणि आठवेना. आपण हिच्याकडून काय काढून घेतलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

ती जागी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. "किती झोपले मी?"

"साडेसहा तास," तो म्हणाला आणि लगेच थांबला. "नाही. सहा तास चाळीस मिनिटं."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"बसलो होतो."

"इथेच?"

"इथेच."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि तिचे ओठ हलले. आकडा बरोबर होता. तिनं उठून केस बांधले, पर्स घेतली, कारण पाचची बस गाठायची होती, आणि तो खुर्चीतून उठायला धडपडत होता म्हणून त्याला हात दिला.

"पुढच्या रविवारी मला तीनला उठवा," ती म्हणाली. "आपल्याला बोलायचंय."